कुंपणाला वळसा

सकाळी साडेसहाला पाणवठ्याच्या चिखलात केरेतोला रानरेड्याचा माग सापडला. एकांडा नर, म्हातारा. पुढच्या डाव्या खुराची कड झिजलेली, म्हणून पाऊल जरा तिरपं पडलेलं. खुराच्या खळग्यात अजून पाणी पाझरत होतं. म्हणजे फार तर अर्धा तास झालेला.

"एकटाच आहे, साहेब. कळपानं हाकललेला."

"मग हाच," रूडी म्हणाला. शिकार कंपनीचा तो जुना माणूस. पाहुण्याला जनावरासमोर नेऊन उभं करायचं आणि त्याचा नेम चुकलाच तर दुसरी गोळी आपण घालायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. आजचा पाहुणा ब्रिग्ज, परदेशातला एक निवृत्त कारखानदार, गाडीपाशी बुटांच्या नाड्या आवळत होता.

गाडी ड्रायव्हर एलियाकडे सोडून तिघं मागावर निघाले. पुढे केरेतो, मग रूडी, मग ब्रिग्ज. गवत गुडघ्याएवढं, वाळून पिवळं पडलेलं. मधूनमधून बाभळी. केरेतोच्या हातात राखेची पुरचुंडी होती. तो ती झटकायचा आणि राख कुठे उडते ते बघून वाऱ्याची दिशा धरायचा.

"इथं माणसं राहत नाहीत?" ब्रिग्जनं विचारलं.

"कधीच नव्हती. ही जनावरांची जमीन," रूडी म्हणाला. "गुरं आली की गवत संपतं. गवत संपलं की सगळं संपतं. तुम्ही एक म्हातारा रेडा मारता, त्यावर दहा रेडे जगतात. शहरातल्या लोकांना हे सांगून कळत नाही."

केरेतो मागावरची नजर न काढता चालत राहिला. हे भाषण त्याला तोंडपाठ होतं. समोरच्या उंचवट्यापलीकडे सहा वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं गाव होतं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. कंपनीच्या रखवालदारांनी घरं पेटवली, माणसांना ट्रकात घातलं आणि दक्षिणेला खडकाळ माळावर नेऊन उतरवलं. तिथं पहिल्याच उन्हाळ्यात गुरं मेली. गुरांमागून त्याची आई गेली. त्या गावातलं या जमिनीवर परत आलेलं माणूस एकच, केरेतो. तेही कंपनीचा हिरवा सदरा घालून.

उंचवटा ओलांडल्यावर मागानं पहिल्यांदा त्याला चकवलं.

रेडा सरळ उत्तरेला चालला होता. समोर मोकळं, सपाट मैदान. आडवं काही नाही. तरी तो एका जागी थांबला होता. चारही खूर खोल रुतलेले दिसत होते. मग तो डावीकडे वळला आणि मोठ्या गोलाकारात चालत गेला. पावलं एका रेषेला धरून, जणू उजवीकडे काहीतरी टोचेल म्हणून अंग चोरत चाललेली.

"काय रे? का थांबलास?" रूडी कुजबुजला.

"काही नाही साहेब. वळलाय जरा."

"मग आपण मधून जाऊ. वेळ कशाला घालवायचा?"

रूडी आणि ब्रिग्ज मधून सरळ गेले आणि पुढे मागाला मिळाले. केरेतो गेला नाही. रेडा जिथून गेला तिथूनच तो गेला, गोलाला धरून. हा गोल त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी रोज संध्याकाळी गुरांमागून तो याच वाटेनं घरी यायचा, कारण उजव्या हाताला गावाचं काटेरी कुंपण असायचं. आता तिथं काटासुद्धा नव्हता. जळलेल्या खुंटांवरून सहा पावसाळे गेले होते, गवत सगळीकडे सारखं वाढलं होतं.

पूर्वेच्या बाजूला माग उजवीकडे वळला आणि आत शिरला. दोन हातांच्या रुंदीतून, सरळ.

ते त्याच्या गावाचं फाटक होतं, काटेरी झुडूप आडवं ओढून बंद करायचं.

केरेतोनं राख झटकली. राख रेड्याच्या दिशेनं गेली. म्हणजे त्यांचा वास केव्हाच त्याच्यापर्यंत पोचला होता. एव्हाना तो उधळायला हवा होता. त्याऐवजी समोरूनच वास आला. ओल्या शेणानं नुकत्याच लिंपलेल्या भिंतीचा. आणि त्यामागून दूध साठवायच्या पोकळ भोपळ्याला आतून धुरी देताना येतो तसा, जळक्या लाकडाचा गोडसर धूर.

"साहेब," तो म्हणाला. "हा नको. दुसरा बघू."

"का?"

"म्हातारा आहे. शिंगं घासलीयत."

"डोकं फिरलं का तुझं? तो बघ उभा!"

साठ पावलांवर रेडा उभा होता, मघाशी रिकाम्या दिसलेल्या मैदानात. चरत नव्हता, कान हलवत नव्हता. संध्याकाळी धार काढायला गाय उभी राहते तसा, एका कडेला, अंगाशेजारी माणूस बसेल एवढी जागा सोडून.

रूडीनं तिपाई रोवली. ब्रिग्जनं बंदूक टेकवली. त्याचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता.

"बघतोय तो आपल्याकडे?"

"नाही. मारा."

गोळी लागल्यावर रेडा धावला नाही. गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर झाला. मरताना रानरेडा लांबलचक हंबरडा फोडतो. रूडी त्याची वाट बघत थांबला. रेडा मुकाट्यानं मेला.

"याला शिकार म्हणायची?" ब्रिग्ज ओशाळून म्हणाला. "गोठ्यात जाऊन मारल्यासारखं झालं."

"फोटोत नाही कळत ते," रूडी म्हणाला.

फोटोसाठी डोकं वर उचलताना केरेतोच्या हातात कान आला. कडेला दोन खाचा होत्या आणि टोकाला एक उभी चीर.

"सिंहानं फाडलाय," रूडी म्हणाला.

केरेतोनं अंगठा फिरवला. कड गुळगुळीत होती. वासरू असताना सुरीनं कापलेली आणि कापल्यावर चरबी लावलेली. दोन खाचा, एक चीर. ही खूण त्याच्या बापाच्या गुरांवर असायची. बापानंतर ती कुणीच घातली नव्हती, कारण घालायला गुरंच उरली नव्हती.

त्यानं कान सोडून दिला. हात सदऱ्याला पुसला. पुन्हा पुसला.

"जा, गाडी घेऊन ये," रूडी म्हणाला. "आणि तोंड का असं केलंयस? पाहुण्यासमोर तरी हस की जरा."

केरेतो तिथून निघाला तो जवळजवळ पळतच. पाणवठ्यावर एलिया बोनेटवर बसून शेंगा खात होता. तो किनाऱ्यावरच्या शहरातला, पोरगेलासा, तोंडाळ. नोकरीला लागून चौथाच दिवस. ही बाजू त्यानं कधी बघितली नव्हती.

"झालं का काका? मोठा आहे? मग आज मटण!"

"चल. उंचवट्यावरून सरळ."

गाडी मैदानात उतरली. समोर दोन माणसं आणि काळा ढीग स्पष्ट दिसत होता. ऊन चढलं होतं. एलिया शीळ घालत चालवत होता. मग त्यानं शीळ थांबवली, गाडी हळू केली, डावीकडे घेतली आणि मोठा गोल वळसा घालून पूर्वेच्या बाजूला आणून उभी केली.

हॉर्न वाजवला.

"काय झालं?" केरेतोनं विचारलं.

"उतरा ना काका. फाटक काढा."

"कुठलं फाटक?"

"घ्या! हे काय समोर." एलिया हसला. "माणसं राहत नाहीत म्हणे इथं. एवढं मोठं गाव आहे की."

केरेतो खाली उतरला. समोर गवत होतं. गवतापलीकडे रूडी हात हलवून बोलावत होता, का थांबलात म्हणून.

सहा वर्षांपूर्वी रखवालदार पहाटेच्या उजेडात इथं येऊन उभे राहिले, तेव्हा हे फाटक आतून एकानंच काढलं होतं. सगळी माणसं घरातून नको नको म्हणत असताना. नोकरी आणि हिरवा सदरा देतो असं त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

त्यानं हात पुढे केला. तळव्यात काटा रुतला.

आतून कुणीतरी विचारलं, "कोण?"

म्हातारीचा आवाज. दाराशी आलेल्या कुणालाही विचारतात तसा.

त्यानं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं.



मग मातीवरून काटेरी झुडूप ओढल्याचा आवाज आला. त्यावर आणखी एक.

"अहो काका," एलिया मागून म्हणाला, "ते तर आणखी लावून घेतायत."