वळणावर उभी राहणारी मुलगी

खालपर्यंत येऊन वर न येणारा माणूस सुलभाबाईंना मुळीच खपत नसे, आणि हा निहार नेमका तसाच निघाला. वल्लरीला सोडायला तो थेट सेम्बावांगपर्यंत येई, ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकमध्ये बाकावर बसे, तासभर गप्पा मारी आणि तसाच एमआरटीच्या मेट्रो स्टेशनाकडे चालता होई. पाणी नाही, चहा नाही, घरातल्या मोठ्या माणसाला तोंड दाखवणं नाही.

"आमच्याकडे गुहागरला म्हैस विकायला आलेला माणूससुद्धा ओटीवर बसून गुळाचा खडा तोंडात टाकतो," सुलभाबाई लेकीला म्हणत. "हा काय पार्सल पोचवायला येतो? वस्तू दिली, सही घेतली, निघाला."

"आई, डोन्ट स्टार्ट लाह," वल्लरी इथल्या बोलीत म्हणे आणि चपला काढून आत पळे.

सुलभाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण माणूस वाचायला त्यांना चष्माही लागत नसे. नवरा शामकांत बोटीवर इंजिनियर, त्याच्यामागून त्या या देशात आल्या, सेम्बावांगच्या गोदीजवळ संसार मांडला, आणि तो गेल्यावरही मान ताठ ठेवून राहिल्या. घर दुसऱ्या मजल्यावर. दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये कढीपत्त्याची कुंडी. तिला पाणी घालायची वेळ आणि निहारची बाकावर बसायची वेळ एकच पडे. सुलभाबाई कान देऊन ऐकत नसत, त्यांना ऐकू येई. दोन्हींत फरक आहे, असं त्यांचं म्हणणं.

दोघांची ओळख भांडणातून झाली होती.

बिशानच्या एका कॉफीशॉपमध्ये रविवारी मोठ्या टीव्हीवर शर्यत लागली होती. उघड्या चाकांच्या, जमिनीला पोट घासत धावणाऱ्या त्या गाड्या. बाहेर पाऊस असा, की रस्त्यापलीकडचा बसस्टॉप पुसून गेलेला. निहार पुण्याचा, कंप्युटरवाला, बिशानलाच खोली घेऊन राहणारा. तो मित्राला मोठ्याने सांगत होता, की ड्रायव्हरच्या डोक्यावर ही जी धातूची कमान बसवली आहे ना, तिने खेळाचं पाणी घालवलं. पूर्वी माणूस जिवावर उदार होऊन गाडीत बसायचा, आता पाळण्यात बसतो. मराठीत बोलतोय, कुणाला कळतंय, अशा भरवशावर तो बोलत होता.

"तुमच्या डोक्यावर कधी सुटलेलं चाक आलंय?" मागच्या टेबलावरून आवाज आला.

तो वळला. केसांवर पावसाचे थेंब घेऊन एक मुलगी बसली होती. तिचे डोळे अजून टीव्हीवरच होते.

"नाही… अजून तरी नाही."

"मग ज्याच्या येतं त्याला विचारा, पाळणा हवा की नको."

"तुम्ही विचारलंय वाटतं?"

"मी त्याला गाडीतून उतरताना बघितलंय." आता तिने त्याच्याकडे पाहिलं. "मी मार्शल आहे."

दर वर्षी इथली रात्रीची शर्यत आली, की शेकडो हौशी माणसं नारिंगी कपडे घालून ट्रॅकच्या कडेला उभी राहतात. झेंडे दाखवतात. गाडी आपटली, तर वरून इशारा मिळताच धावत जाऊन ड्रायव्हरला मदत करतात, गाडी बाजूला घेतात. वल्लरी तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात वर्षभर खुर्चीवर बसे आणि त्या आठवड्यात रजा टाकून एका अवघड वळणावर उभी राही. हे ऐकल्यावर निहारची कॉफी थंड झाली, ती झालीच.

पाऊस थांबेना. छत्री एकट्या निहारकडे. एमआरटीपर्यंत त्याने ती सगळी तिच्यावर धरली, स्वतः मात्र खांद्यापासून चिंब भिजला. स्टेशनच्या छपराखाली पोचता पोचता ती हळूच म्हणाली, "जिवावर उदार झालात अगदी… या ना पाळण्यात." तो हसला, पण जवळ सरकला नाही. हे वल्लरीने आईला सांगितलं नव्हतं. बाकावर बसून ती त्यालाच चिडवत होती, तेव्हा वरच्या कढीपत्त्याला कळलं.

पुढे दर शर्यतीनंतर बाकावर वाद रंगू लागला. सगळ्यात मोठा वाद झाला तो टीम बदलण्यावरून. वल्लरीचा आवडता ड्रायव्हर जुनी टीम सोडून दुसरीकडे गेला आणि निहारने त्याला गद्दार ठरवलं. ज्यांनी लहानाचा मोठा केला, त्यांना ऐन वेळी पाठ दाखवली, असं त्याचं म्हणणं. आपण टीमवाले, ड्रायव्हर येतात नि जातात. वल्लरीचं म्हणणं उलटं. माणूस जिथे त्याचं मोल कळतं तिथे जातो. गाडीचा रंग बदलला म्हणून हात बदलत नाहीत. वर सुलभाबाई मनाशी म्हणाल्या, अरे, बायका आख्खं घर बदलतात, आडनाव बदलतात, त्यावर कुणी कधी वाद घालत बसला नाही.

"खरं सांग," खालून वल्लरीचा आवाज आला. "तुझा जीव गाडीवर आहे की चालवणाऱ्यावर?"

सुलभाबाईंनी कुंडीत पाणी घालायला तांब्या उचलला.

"हल्ली… दोन्हींवर नाही," निहार म्हणाला. "झेंडा घेऊन कडेला उभी असते ना, तिच्यावर."

सुलभाबाईंच्या हातातला तांब्या कलला तो कललाच राहिला. कुंडी भरून वाहिली, आणि पाण्याची धार कठड्यावरून खाली गेली. निहारने वर पाहिलं तेव्हा सुलभाबाई दारामागे होत्या. आता तरी हा वर येईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी घावनाचं पीठही भिजवलं. पण गडी गेला तो गेलाच. वल्लरीने मग कारण सांगितलं: त्याच्या घरची रीत आहे, मुलीच्या घरी पहिलं पाऊल आईवडिलांना घेऊन टाकायचं. ते पुण्याहून येतील, मग रीतसर.

"रीत म्हणे," सुलभाबाई म्हणाल्या, आणि पोटातून मात्र थोड्या निवल्या.

शर्यतीचा आठवडा आला. या आठवड्यात सुलभाबाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. वल्लरीचं ते वळणावर उभं राहणं त्यांना पहिल्यापासून मान्य नव्हतं. पोरी गाणं शिकतात, पोहायला जातात. हिला गाड्यांच्या पुढे उभं राहायचं वेड. पण "जाऊ नको" हे त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या गावची जहाजावरच्या माणसांची घरं त्यांनी पाहिली होती. तिथे निघणाऱ्याला कुणी अडवत नसे. रडायचं ते त्याची पाठ वळल्यावर, तेही मागल्या दारी.

निहारने यंदा तिकीट काढलं ते तिच्या वळणासमोरचं. आणि शुक्रवारच्या सरावात ते घडलं. मुख्य शर्यतीआधी धावणाऱ्या छोट्या गाड्यांपैकी एक भिंतीवर आदळली आणि अर्ध्या वाटेत आडवी झाली. पिवळे झेंडे हलले, इशारा मिळाला, वल्लरीची तुकडी धावली. तेवढ्यात मागून आलेली दुसरी गाडी पुरती आवरली नाही. ती पडलेल्या तुकड्यांवरून गेली, आणि त्यातला एक उडून जाळीवर आपटला. जाळी वल्लरीपासून हातभर अंतरावर होती. तिच्या कोपराला खरचटलं, बाकी काही नाही.

घरी आल्यावर ती आईला एवढंच म्हणाली, की निहारशी बोलणं झालं आणि आता बोलणं संपलं. सुलभाबाईंनी कोपराला हळद लावली. वल्लरीच मग थोडं थोडं बोलली. तो स्टेशनवर वाट बघत उभा होता. म्हणाला, उद्यापासून टीम बदल. पास तपासणाऱ्यांच्यात जा, आत तंबूत बस. ती म्हणाली, ड्रायव्हरने टीम बदलली की तो गद्दार, आणि मी मात्र बदलायची? तो म्हणाला, ते वेगळं.

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," सुलभाबाई म्हणाल्या. वल्लरी हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. उशीत तोंड खुपसून पडून राहिली.

शनिवारी सकाळी दाराची जाळी वाजली. बाहेर निहार उभा. एकटाच, आईवडील नाहीत, रीत नाही. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"काकू, आत येऊ?"

सुलभाबाईंनी पाणी दिलं. वल्लरी आंघोळीला गेली होती. छोटा फ्लॅट, आतलं पाणी पडायचं बाहेर ऐकू येत होतं. निहार पेला हातात धरून बसला आणि एका दमात बोलला. वल्लरी त्याचं ऐकणार नाही. आईचं ऐकेल. काकूंनी एकदा, फक्त एकदा नाही म्हणावं. आजच्या दिवशी तिने घराबाहेर पडू नये. पुढचं तो बघून घेईल.

इतकी वर्षं जो शब्द सुलभाबाईंनी दाताखाली धरून ठेवला होता, तो आज कुणीतरी ताटात वाढून समोर आणला होता. वाटी तेवढी उचलायची. म्हणता येईल, बघ, मीच नाही, तोही म्हणतो. पोरगी घरात राहील. रात्री घास उतरेल.

आतलं पाणी बंद झालं.

"काल तू समोरच होतास ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय पाहिलंस ते सांग मला. ती सांगत नाही."

निहार अडखळला. "तुकडा उडाला, एवढं दिसलं. मग… मी डोळे मिटले, काकू. पुढचं मला शेजारच्या माणसाने सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ती थांबली नाही म्हणे. जाळीचा आवाज झाला तरी गाडीकडेच गेली. ड्रायव्हर भांबावला होता, हिने हात धरून त्याला भिंतीपलीकडे नेलं."

"पोरगा बरा आहे?"

"बरा आहे. लहान आहे, विशीचाही नसेल."

"त्याची आई असेल कुठेतरी."

निहारने मान खाली घातली. "असेल," तो म्हणाला.

तेवढ्यात वल्लरी दारात येऊन उभी राहिली. केस ओले, अंगात नारिंगी कपडे, कोपरावर हळदीचा डाग. तिने किती ऐकलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आईकडे बघत होती, निहारकडे नाही. आई आता काय म्हणते, याचीच तिला भीती होती.

निहार उठला. "वल्लरी, मी तुला… मला नीट बोलता आलं नाही काल. तुझं काम मला कमी वाटत नाही. कमानीवरून भांडत होतो ना, तेव्हा मला वाटायचं, भीती म्हणजे भित्र्यांची गोष्ट. काल डोळे मिटले तेव्हा वाटलं, उघडले आणि तू नसलीस तर… तर मी टीमच्या बाजूचा की ड्रायव्हरच्या, कशालाच अर्थ नाही."

"मग हे काल का नाही सांगितलंस?" वल्लरीचा आवाज चिरकला. "काल मला फक्त टीम बदल म्हणालास."

"हे बोलायला जमलं नाही. ते सोपं होतं."

ती जागची हलली नाही, तोही नाही. मधे दोन पावलांची फरशी. सुलभाबाईंना दिसत होतं, की दोघंही आपल्याकडून एका शब्दाची वाट बघतायत, आणि तो शब्द कुठल्याही बाजूला पडू शकतो. त्यांना शामकांत आठवला. आख्खं आयुष्य समुद्रात काढलेला माणूस. वादळांनी काही केलं नाही त्याला. गेला तो याच घरात, सोफ्यावर, वर्तमानपत्र वाचता वाचता. अडवून ठेवलेलं माणूस जास्त जगतं, असं कुणी सांगितलंय?

त्या उठल्या, लेकीच्या कॉलरची दुमडलेली कड सरळ केली, आणि निहारकडे वळल्या.

"आता माझं ऐक, निहार. तू घाबरलास, त्याचं मला वाईट वाटलं नाही. जीव लावला की माणूस घाबरतंच. मी रोज घाबरते. पण आपली भीती दुसऱ्याच्या पायात बांधायची नसते. ही हवी असेल तर त्या वळणासकट हवी म्हणायचं, कापून-छाटून मिळणार नाही. आईवडिलांना बोलव, मी नाही म्हणणार नाही. पण आज संध्याकाळी ती जिथे उभी राहील, तिच्यासमोर जाऊन बसायचं, आणि काहीही झालं तरी बघत राहायचं. डोळे मिटणारा जावई मला नको."