तेवीस नंबरचा बिल्ला

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. इंजिन फिरवायच्या खटक्यावर हात ठेवलेला माणूस अचानक थांबला.

घडलं ते एवढंच.

तो का थांबला, ते खाली लिहितो आहे. मी तिथे नव्हतो. पण तिथे असलेल्या तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांचं सांगणं मिनिटासकट जुळलं. जे जुळलं तेवढंच इथे आहे.

नांदेडहून बिलोलीकडे जाताना एक खाजगी संस्था लागते. विमान दुरुस्तीचं शिक्षण देणारी. नाव लिहीत नाही. माझी मावसबहीण गीतांजली तिथे शिकवते.

तिथल्या शेडमध्ये लोखंडी घोडीवर एक जुनं जेट इंजिन आहे. सुरुवातीच्या पिढीतलं. या जातीची इंजिनं प्रवासी विमानांतही बसायची आणि हवाई दलाच्या विमानांतही. महिनाअखेरीस संस्थेची तपासणी होती. इंजिन चालू करून दाखवायचं होतं.

ते पुन्हा उभं केलं व्यंकटी मामांनी. हवाई दलातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. मामा कुणाचेच नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात.

शेडचा एक नियम आहे. भिंतीवर हत्यारांचा बोर्ड. प्रत्येक हत्याराला एक खिळा. हत्यार काढलं की त्या खिळ्याला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला अडकवायचा. काम संपलं की हत्यार जागेवर, बिल्ला खिशात.

बोर्डावर बिल्ला दिसला, तर इंजिनाला हात लावायचा नाही. कारण कुणीतरी अजून आत आहे.

त्या दुपारी इंजिन इंधनाशिवाय नुसतं फिरवून बघायचं होतं. खटका काचेच्या केबिनमध्ये. तिथे सुदाम, संस्थेचा इलेक्ट्रिशियन. त्याला केबिनमधून बोर्ड दिसतो. इंजिनाचं तोंड दिसत नाही, ते पलीकडे आहे.

गीतांजली फॉर्म आणायला ऑफिसात गेली होती.

मामांना वाटलं, इंजिनाची पाती एकदा शेवटची बघावी. ते टॉर्च घेऊन निघाले. सुदामने त्यांना जाताना पाहिलं, पण त्याला वाटलं चहाला चाललेत.

"मामा, चहाला चालले का? पोट कमी करा जरा."

"तुझ्या सासऱ्याला सांग ते."

मामा पलीकडे वळले आणि कमरेपर्यंत इंजिनाच्या तोंडात शिरले.

बिल्ला लावला नाही. टॉर्च स्वतःची होती. बोर्डावरचं काहीच त्यांनी घेतलं नव्हतं. पन्नास वर्षांत अशी चूक पहिल्यांदाच.

सुदामने खटक्यावर हात ठेवला. सवयीने बोर्डाकडे पाहिलं.

सगळी हत्यारं जागेवर होती...

एक सोडून.

साडेतीन सुताच्या मापाचा पाना नव्हता. त्या खिळ्याला एक बिल्ला हलत होता. नुकताच कुणीतरी अडकवावा तसा.

पंखे बंद होते.

सुदाम बाहेर येऊन ओरडला, "तेवीस नंबर कोणाचा हाय?"

इंजिनाच्या तोंडातून मामांचं डोकं बाहेर आलं.

सुदाम खाली बसला.

संस्थेत बिल्ले बाराच आहेत.

गीतांजली आली, तिने तो बिल्ला हातात घेतला. घासून गुळगुळीत झालेला. आणि गरम... मुठीत धरून ठेवल्यासारखा.

"मामा, हा कुठला?"

"आमच्या जुन्या हँगरात असेच असायचे."

"तेवीस नंबर कोणाकडं होता?"

"ते नको इचारू, बाई."

पाना सापडला नाही. सहा दिवस शोधला. इंजिन जितकं उघडता येतं तितकं उघडलं. नळीचा कॅमेरा आत सोडला.

पाचव्या दिवशी कॅमेरा आत असताना आवाज आला.

कुर्र... कुर्र... कुर्र...

पडद्यावर फक्त पाती. स्थिर.

मामा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "नट कसून राहिलाय कुणीतरी."

त्या दिवसापासून गीतांजलीने इंजिन चालू करायच्या फॉर्मवर सही करायला नकार दिला. आत पाना असेल आणि इंजिन पूर्ण वेगात गेलं, तर पाती फुटून समोर उभ्या पोरांवर येतील. पाना नसेल, तर आत काय आहे ते तिला माहीत नाही.

संचालक आनंदराज सर चिडले. "पाना नवीन घ्या. तपासणी हुकली तर दोनशे पोरांचं वर्ष जातं. भुताचं कारण लिहून देऊ का मी?"

त्यांचंही खोटं नव्हतं.

काल गीतांजलीला घरी बसवलं. सही सरांनी स्वतः केली. हत्यारांचा बोर्ड भिंतीवरून उतरवून कोठीत टाकला, बिल्ल्यांसकट. इंजिन आज, सोमवार २४ नोव्हेंबरला, अकरा वाजता सुरू करायचं ठरलं.

काल रात्री मी मामांना फोन केला. जाऊ नका म्हटलं.

"मी न्हाई गेलो तर बघल कोण? पोरं उभी राहतात तिथं."

आज अकरा वाजून चार मिनिटांनी सुदामचा मेसेज आला. जसाच्या तसा देतो.

"मला केबिनीतून काढलं. खटक्यापाशी सर बसलेत. आतून पान्याचा आवाज येऊ लागला म्हणून मामा बघायला इंजिनात शिरलेत, मी दारातून बघितलं. सरांना म्हाईत न्हाई, काचेआड माझी हाक पोचंना. मला शेडमध्ये जाऊ देईना झालेत."

मी लगेच सरांना फोन लावला. मग सुदामला. मग मामांना. गीतांजलीला कळवलं, ती रिक्षाने निघाली; पोचल्याचा फोन अजून नाही.

आता बारा वाजून दहा मिनिटं झालीत. सर, सुदाम, मामा, तिघांचेही फोन वाजतात, उचलत कुणी नाही. इंजिन सुरू झालं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.