देवकाबाईच्या केसांचं कडं

"अनुसयाबाई, हे कडं माझं नाई!"

वासुदेवरावांनी दारातच मनगट पुढे केलं. मनगटावर केसांचं बारीक विणलेलं कडं होतं. त्यांच्या बायकोनं, देवकाबाईनं, शेवटच्या दुखण्यात फणीत येणारे आपलेच गळके केस साठवून ते विणलं होतं. लेक मोहिनी उशाशी बसून ती वीण शिकली होती. चार वर्षं म्हातारा तेच चाचपत झोपी जात होता.

शेजारच्या अनुसयाबाईची हयात केसांची गंगावनं करण्यात गेली होती. तिची घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. चपला घालून ती म्हाताऱ्यासोबत त्याच्या घरी गेली.

सून सुरभी कावली होती. "मामंजींले भरम होते, मावशी. रंग तोच, वीण तीच. आता डॉक्टरले दाखवा लागते."

"मले येडा ठरवून राह्यली," म्हातारा पुटपुटला.

"कडं हातातून कधी काढता?" अनुसयाबाईनं विचारलं.

"आंघोळीले. खुंटीवर टांगतो."

"घरात कोन आलं?"

"मोहिनी. परवा आली समुद्रपूरवरून, वर्षानं. आता दुपारच्या यष्टीनं चालली."

कमरेखाली रुळणारी वेणी झटकून सुरभी आत गेली. कोपऱ्यात मोहिनी डोक्यावर पदर घेऊन पिशवी भरत होती.

अनुसयाबाईनं कड्यावरून बोट फिरवलं. सुळकन गेलं. उलटं फिरवलं, तर अडलं.

"वासुदेवराव शहाणे हायेत," ती म्हणाली. "फणीतल्या केसांत मुळं-शेंडे मिसळतात, ते दोन्हीकडून खरखरतात. हे एकाच बाजूनं अडतात. म्हंजे डोक्यावरून एकदम कापलेले. सुरभीची वेणी शाबूत हाय, अन् ही वीण तिले येत नाई. रंग आईचा, तो लेकीलेच भेटते. मोहिने, बापाच्या घरात डोक्यावर पदर काऊन वं?"

मोहिनीनं पदर खाली घेतला. केस मानेपर्यंत कापलेले. पिशवीच्या तळातून तिनं रुमालाची गाठ काढली.

"घर दादाले, दागिने वहिनीले. मले आईचं काहीच भेटलं नाई. आमचे हे गेल्यापासून घरात बोलाले कोनी नाई, बाबा. तुमचं मनगट उघडं राहू नये म्हनून माझ्या केसांचं घरूनच विणून आणलं."

वासुदेवरावांनी रुमालातलं कडं एकदा गालाला लावलं. मग लेकीच्याच मनगटात चढवलं.

"हे तू घाल. तुह्यावालं मले राहू दे. जित्या मानसाचं हाय ते. पन अशी वर्षानं नको येजो."

मोहिनीनं पिशवी खुंटीला टांगली. यष्टीचं नाव कोणी काढलं नाही.

अनुसयाबाई घरी आली. फणीतला पांढरा गुंता रोज ती बाहेर टाकायची. आज तो हातात धरून कितीतरी वेळ बसली. विणायचं कोणासाठी, ते काही सुचेना.