वरच्या मळ्यातली थैली

"पाऊस दिसला की आधी बहिणीचं छप्पर ओढायचं, मग आपलं. कबूल?"

तीन वर्षांपूर्वी, शेवटच्या आजारात, आईने दोन्ही मुलींकडून हे वदवून घेतले होते. कोना या कॉफीच्या मुलखात डोंगरावर दुपारी ढग उतरतात. वाळवणीच्या ओट्यावरचे छप्पर रुळांवरून वेळेत सरकवले नाही, तर वर्षभराची कॉफी बुरसते.

"आई गेल्यापासून ताईने माझ्या छपराला हात लावला नाही," तोमिए मोरिहारा म्हणाली. "आणि आता मी तिच्या घरची चोर ठरले."

नोहेआ कामाका शांतपणे ऐकत होती. बंदरावरच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाल्यावर ती खासगी तपास करी. ती बोलायची कमी. ती उणीव तिचे सोबती, ट्रकवाले फ्रँक मेदेरोस, भरून काढत.

"नीट सांग पोरी. काय चोरलंस?" फ्रँक म्हणाले.

"काही नाही, अंकल. यंदापासून कॉफीच्या स्पर्धेची प्रत्येक थैली आधी प्रयोगशाळेच्या दिव्याखाली जाते. माझी गेली, तर म्हणे ही कॉफी शिझुकोताईच्या मळ्यातली. सोमवारी समिती माझं नाव काढून टाकणार. मग कोनाच्या नावाने माझी एक बीसुद्धा विकली जायची नाही."

"थैली कोणी भरली?" नोहेआने विचारले.

"मीच भरली, मीच शिवली, मीच दिली."

प्रयोगशाळेत डॉक्टर लोर्ना बाउतिस्ता यांनी मूठभर कच्ची बी दिव्याखाली पसरली. "उंची, माती, पाणी, सगळं बीमध्ये उतरतं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकला की प्रत्येक मळ्याची बी तो आपल्या तऱ्हेने परत पाठवते. त्याचा आलेख आम्ही त्या मळ्याच्या मूळ नमुन्याशी जुळवतो."

"मूळ नमुने कुठले?"

"तीन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेतले. अर्धी थैली परीक्षकांनी भाजून प्यायली, उरलेली आम्ही ठेवली. तसं पत्रही सगळ्यांना धाडलं होतं. वाचतंय कोण?"

"शिझुको आंटींची बी त्यानंतर तपासलीत?"

"त्यांनी पुन्हा भागच घेतला नाही."

शिझुकोचे घर खाली रस्त्याला लागून होते. फळीवर स्पर्धेचा चषक लखलखत होता.

"वरचा मळा तोमिएला," ती चहा ओतता ओतता म्हणाली. "तिथे ढग, सावली, बी सावकाश पिकते. मला रस्त्याकडचं ऊन. आई म्हणाली, तू थोरली, तुला घर. घरात काय कॉफी पिकते?"

"तरी चषक तुमच्याकडेच आला," नोहेआ म्हणाली.

"आला." शिझुकोने चषक उगाच सरळ केला.

"त्या वर्षी थैल्या कोणी पोचवल्या?"

"मीच, दोघींच्या. ती आईपाशी दवाखान्यात होती. आई तिच्याच हातून पाणी प्यायची ना."

"मग पुन्हा स्पर्धेत का नाही उतरलात?"

"एकदा मिळालं, पुरे झालं. हाव बरी नव्हे."

"बहिणीने चोरी केली असं वाटतं तुम्हाला?"

शिझुको खिडकीबाहेर बघत राहिली. "यंत्र म्हणतंय."

पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही ही तिथली रीत. शिझुकोने भाजलेल्या कॉफीचा पुडा आणला.

"कच्ची द्या, आंटी. मी घरीच भाजते."

शिझुकोचा हात थांबला. पण नाही म्हणणे शोभले नसते. तिने पोत्यातून दोन ओंजळी काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोहेआने तोमिएलाही थोरलीच्या ओसरीवर बोलावून घेतले.

"आंटी, तुमची बी आज सकाळी दिव्याखाली ठेवली. यंत्र म्हणालं, ही वरच्या मळ्यातली, तोमिएची."

"म्हणजे दोघी एकमेकींची चोरतात?" फ्रँकनी डोके खाजवले.

"तो चढ चढून? कंबरडं मोडलं असतं दोघींचं." नोहेआ हलकेच हसली, मग गंभीर झाली. "फ्रँक, चुकणारं यंत्र कसंही चुकतं. हे दोन्ही वेळा बरोबर उलटं बोललं. म्हणजे यंदाच्या बिया जिच्या तिच्याच आहेत. उलटी आहेत ती मूळ नमुन्यांवरची नावं. त्या दोन्ही थैल्या एकाच हातातून गेल्या. त्या हाताला चषक मिळाला, आणि त्या हाताने पुन्हा स्पर्धेत थैली दिली नाही."



"प्यायली की संपली, असं वाटलं होतं," शिझुको अखेर म्हणाली. "अर्धी कोणी जपून ठेवील, हे कुठे ठाऊक? वाटेत दोन्ही थैल्या हुंगल्या. तुझ्या थैलीला फुलांचा वास होता. नावाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि बदलल्या."

"ताई, मागितला असतास तर चषक दिला असता मी."

"तेच नको होतं. तू द्यायचीस आणि मी घ्यायची."

तोमिएने ओंजळीत तोंड झाकून घेतले. शिझुकोने आतल्या फळीवरचा चषक आणून तिच्यापुढे ठेवला. "सोमवारी समितीला मी सांगेन. सगळं."

डोंगरावरून ढग खाली सरकू लागला होता. तोमिए तोंड झाकून बसली होती. तिला तो दिसला नाही. शिझुकोला दिसला.

ती उठली, पायांत चपला सरकवल्या. अंगणातल्या ओट्यावर तिची स्वतःची कॉफी उघडी पसरलेली होती.

"आंटी, तुमचं छप्पर," फ्रँक म्हणाले.

तिने मान हलवली आणि त्या ओट्याला वळसा घालून, गुडघ्यावर हात टेकत, वरच्या मळ्याची वाट चढू लागली.