हरकतरावांची भरपाई हजेरी

ही घटना खरी आहे.

रचलेली असती तर ती मध्यरात्री घडली असती आणि बाहेर कुठेतरी कुत्रं रडलं असतं. ही घडली गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. ते सगळ्यांनी घरात बसायचं वर्ष होतं. रस्ते इतके ओस पडले होते की सिग्नल आपले स्वतःच्याच समाधानासाठी लाल-हिरवे होत होते.

ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात. चष्म्याचं दुकान आणि त्या वर्षी एका सेवा क्लबाचं चिटणीसपद, एवढा त्यांचा संसाराबाहेरचा व्याप. क्लबाचं काम चांगलं होतं. रक्तदान शिबिरं, मोफत चष्मे, बसथांब्यांवर बाक आणि प्रत्येक बाकावर बसणाऱ्याच्या पाठीला टोचेल एवढ्या मोठ्या अक्षरांत क्लबाचं नाव.

त्या वर्षी साप्ताहिक सभा लॅपटॉपवर आली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरच्याने आ करावा, पण बोलू नये, ही त्यांची जुनी सवय. ऑनलाइन सभेत ती फार उपयोगी पडली.

आणि सभासदांत होते हरकतराव.

वय चौऱ्याहत्तर. निवृत्त नकाशेकार. बायको गेलेली, मुलगी परदेशात, घरात एकटे. बावीस वर्षांत एक हजेरी चुकवली नाही आणि एकही सभा हरकतीशिवाय जाऊ दिली नाही.

"इतिवृत्तात 'टाळ्यांचा कडकडाट' लिहिलंय. टाळ्या तिघांनी वाजवल्या. माझी हरकत आहे."

अशा क्लबांत एक पद्धत असते. आपली सभा चुकली तर आठवड्याच्या आत दुसऱ्या कुठल्याही क्लबाच्या सभेत बसायचं. तिथला चिटणीस तशी चिठ्ठी पाठवतो आणि तुमची हजेरी भरून निघते. तिला भरपाई हजेरी म्हणतात. मुलीचं लग्न नेमकं गुरुवारी आलं, तेव्हा हरकतराव दुसऱ्याच दिवशी परगावच्या क्लबात जाऊन बसले होते. व्याही मंडळी त्यांना शोधत होती.

त्या वर्षी क्लबाला ऑक्सिजनची चार मशीनं देणगीत मिळाली. मागणारे शेकडो. हरकतरावांनी ठराव मांडला: मशीन हवं असेल तर सभासदाने सभेत, सर्वांसमोर, तोंडी मागावं. फोनवरचा वशिला चालणार नाही.

ठराव एकमताने मंजूर झाला. बावीस वर्षांत त्यांचा मंजूर झालेला हा पहिलाच ठराव.

तो गुरुवार नेहमीसारखाच होता. पाहुणे वक्ते 'घरबसल्या ताजंतवानं कसं राहावं' यावर बोलत होते. हरकतरावांचा कॅमेरा बंद होता. पडद्यावर नुसता काळा चौकोन, त्यात त्यांचं नाव...

आणि वर केलेल्या हाताचं छोटं पिवळं चित्र.

"राव, हरकती शेवटी घेऊ," चष्मेवाले म्हणाले. सगळे हसले.

सभा चालवणाऱ्याला दुसऱ्याचा हात खाली करायचं बटण असतं. चष्मेवाल्यांनी ते दाबलं.

हात पुन्हा वर आला.

पुन्हा खाली केला. पुन्हा वर.

तिसऱ्यांदा खाली करताना त्यांना काहीतरी ऐकू आलं. कोरड्या कागदावर कोणीतरी सावकाश फुंकर घालावी, तसं... वक्त्यांना त्रास नको म्हणून त्यांनी हरकतरावांचा आवाज बंद केला.

साडेसातला त्यांनी सभा संपवली. हरकती घ्यायच्या राहून गेल्या. हात तेव्हाही वर होता.

त्या दिवशी चारपैकी एक मशीन रिकामं होतं. चष्मेवाल्यांच्याच दुकानात, काउंटरच्या मागे, खोक्यात.

शनिवारी सकाळी शेजाऱ्यांनी दार फोडलं.

विमानं बंद होती. मुलीला येता आलं नाही. तिच्याच सांगण्यावरून चष्मेवाल्यांनी घराला कुलूप लावलं आणि हरकतरावांचा फोन आपल्या दुकानात आणून खणात ठेवला. चौथ्या दिवशी तिने त्यांना फोन केला.

"काका, बाबांनी मशीन मागितलं होतं का हो?"

चष्मेवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बुधवारी त्यांना दम लागत होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता चष्मेवाल्या काकांना फोन करा. तर म्हणतात, ठराव माझाच आहे, मीच मोडू? उद्या सभेत मागतो. मागितलं का?"

"नाही गं. ते काही बोललेच नाहीत."

अक्षरशः खरं होतं. इतिवृत्तात लिहिलं असतं तर खुद्द हरकतरावांनाही हरकत घेता आली नसती.

"म्हणजे मागितलंच नाही," ती म्हणाली. "गेले हट्टापायी. मीच तुम्हाला फोन करायला हवा होता. मीच..."

तिला पुढे बोलवेना. चष्मेवाल्यांनी 'काळजी घे' म्हणून फोन ठेवला.

पहिली चिठ्ठी त्यानंतर आठवड्याने आली. शेजारच्या शहरातल्या क्लबाकडून, ईमेलने. आपले सभासद आमच्या सभेस उपस्थित होते, भरपाई हजेरी नोंदवावी. खाली हरकतरावांचं पूर्ण नाव. आणि तारीख...

ते गेले त्यानंतरची. अकराव्या दिवसाची.

चष्मेवाल्यांनी त्या चिटणिसाला फोन लावला.

"आले होते की!" तो उत्साहात म्हणाला. "कॅमेरा बंद होता. हात मात्र सारखा वर. आम्ही चारदा म्हटलं, बोला साहेब. आवाजच नाही. लाजरे आहेत का हो तुमचे सभासद?"

"नाहीत," चष्मेवाले म्हणाले.

"मग त्यांना माइक तपासायला सांगा."

चष्मेवाल्यांनी खण उघडला. हरकतरावांचा फोन होता तिथेच होता. बंद. बटण दाबून पाहिलं. बॅटरी कधीच संपली होती.

"अहो, घाम कसला आलाय एवढा?" घरी आल्यावर बायकोने विचारलं.

"एकाची हजेरी आली."

"मग मांडून टाका. त्यात काय?"

त्यांनी ती मांडली नाही.

दुसरी चिठ्ठी आणखी लांबून आली. तिसरी समुद्रापलीकडून. सगळीकडे ऑनलाइन सभा, त्यामुळे प्रवासाचा प्रश्न नव्हता. आणि प्रत्येक चिटणीस तेच सांगे. कॅमेरा बंद. हात वर. आवाज नाही.

चौथ्या चिठ्ठीवरचं शहराचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

ते मुलीचं शहर होतं.

ते तसेच उठले आणि तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"मी तुला अर्धवट सांगितलं," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं. पिवळा हात. तीन वेळा दाबलेलं बटण. ती फुंकर. चिठ्ठ्यासुद्धा सांगितल्या. वेडा म्हटलं तरी चालेल, असं ठरवूनच बसले होते.



"तीन वेळा?"

"हो."

"आणि मशीन होतं?"

"होतं. माझ्या दुकानात."

ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "म्हणजे मागितलं होतं त्यांनी. हट्ट नव्हता केला. मागितलं होतं."

"हो."

"तुम्हाला माफ केलं असं समजू नका, काका."

"नाही समजत."

"गुरुवारची लिंक पाठवा मला."

त्या गुरुवारी पडद्यावर तेरा चौकोन होते. एकात ती. अध्यक्ष काहीतरी सांगत होते. सहा चाळीसला...

चौदावा चौकोन आला.

काळा. चष्मेवाल्यांनी कोणालाही आत घेतलं नव्हतं. नाव सगळ्यांनी वाचलं. दातांचे डॉक्टर बोलता बोलता थांबले. पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा आ वासलेला होता.

पिवळा हात वर आला.

चष्मेवाले पडद्याजवळ सरकले. "राव..." ते म्हणाले. "बोला. आम्ही ऐकतोय."

काही नाही. माइक चालू असल्याची खूण दिसत होती. पण आवाज नाही. श्वाससुद्धा नाही.

मग मुलगी म्हणाली, "बाबा."

हात आपोआप खाली गेला.

सभासद एकेक करून निघून गेले. निरोप कोणी घेतला नाही. उरले तिघं. सभा चष्मेवाल्यांची. ते बाहेर पडले असते तर सगळंच बंद झालं असतं.

"काका," ती म्हणाली, "जरा वेळ चालू ठेवाल?"

"ठेवतो."

त्यांनी आपला कॅमेरा आणि आवाज बंद केला आणि बसून राहिले.

आता क्लबाची सभा पुन्हा हॉलमध्ये भरते. चिटणीस दुसरे आहेत. पण गुरुवारी साडेसहाला चष्मेवाले दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतात आणि लॅपटॉप उघडतात. ती येते. मग तो काळा चौकोन येतो.

खरं तर बापलेकीचं बोलणं ऐकू नये म्हणून त्यांनी हेडफोन काढून ठेवायला हवा. ते काढत नाहीत.

ती ऑफिसातलं सांगते. मुलाचे पुढचे दात पडले ते सांगते. मध्येच थांबते. हसते. "छे! असं कुठे असतं का, बाबा?" म्हणते आणि पुन्हा थांबते. त्या थांबण्यात चष्मेवाल्यांना काहीच ऐकू येत नाही. त्यांनी आवाज पूर्ण वाढवून पाहिलाय. पंखाच तेवढा ऐकू येतो. त्यांच्याच दुकानातला.

तिला खरंच ऐकू येतं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मागच्या गुरुवारी ती अशीच मध्ये थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग आवाज उतरवून म्हणाली,

"नाही बाबा, ते नसतात ऐकत. नुसती लिंक चालू ठेवतात."

पुन्हा शांतता...

तिने वळून सरळ चष्मेवाल्यांच्या बंद चौकोनाकडे पाहिलं. डोळे पुसले.

"बरं," ती म्हणाली. "सांगते त्यांना."

तिने अजून सांगितलेलं नाही. आणि विचारायचं, तर आपण इतके दिवस ऐकत होतो हे आधी कबूल करायला हवं.