तिसरं पान कोरं

"मॅडम, छापायच्या आधी कोऱ्या कागदाची घडी घालून बघा."

पहिल्याच भेटीतला हा इशारा अम्रीननं उडवून लावला होता. भोरच्या क्लासमध्ये मुलांना डीटीपी शिकवणारी ती. तिला छापखान्यातला, कोपरापर्यंत शाई माखलेला फरहान शिकवणार?

"स्क्रीनवर बघितलंय आम्ही," तिनं फ्लॉपी पुढं सरकवली.

"स्क्रीनला घडी पडत न्हाई, मॅडम."

तो हसला. तिला राग आला... आणि ते हसू घरापर्यंत सोबत आलं, याचा जास्तच!

काम होतं पानशेतच्या मानसिंगरावांच्या नव्या हॉटेलचं ब्रोशर. एकच कागद, घडी घालून तीन पानं. मुलांचं पहिलंच खरं काम, आणि उद्घाटन उद्यावर आलेलं.

दुपारी ती विद्यार्थिनी शिवानीला घेऊन छापखान्यात गेली. फरहाननं एक प्रत नेहमीसारखी मिटली. हॉटेलचं नाव पोटात गडप! वर नुसते जेवणाचे दर.

"नाव डावीकडं पहिलं घ्यायचं असतं ना, मॅडम?" शिवानी रडवेली झाली.

तिची काय चूक? अम्रीननंच तसं शिकवलं होतं. हजार प्रती छापून झालेल्या. पोरं परत संगणकाला हात लावतील का?

"उलटं मिटलं तर?" तिनं विचारलं.

"नाव वर येतंय. पण उर्दू किताबीवानी उजवीकडनं उघडंल. मानसिंगराव वाचणार कसं?"

डोळ्यांत पाणी, तरी तिला हसू फुटलं. तो क्षणभर बघतच राहिला... मग त्यानं कागद उचलला. एक घडी पुढं, एक मागं, कागदी पंख्यासारखी. नाव वर!

"हजार घालाव्या लागतील," तो म्हणाला.

"मग बसा की!"

तिघं घड्या घालत बसले. बाहेर भुरभुर पाऊस. गठ्ठ्यावर दोघांची बोटं एकदा भिडली — आणि नंतर उगाच पुन्हा पुन्हा.

"तुम्ही बोलला नाहीत मला. 'सांगितलं होतं' म्हणून..."

"बोललो असतो, तर तुमी परत आला असता व्हय?"

निघताना त्यानं कोऱ्या कागदाची एक घडी तिच्या हातात दिली. "ही डमी, छापायच्या आधीचा नमुना. मंजूर असंल, तरच पुढं."

तिनं भर रस्त्यात उघडली. पहिल्या पानावर पेनानं लिहिलेलं — फरहान. दुसऱ्यावर अम्रीन. तिसरं कोरं.

ती तशीच मागं फिरली. "तिसरं मोकळं का?"

"ते दोघांनी भरायचं."

त्या पानावर आता आरजूचं नाव आहे. दोघांची लेक, अकरा महिन्यांची. आणि अम्रीन तिला कडेवर घेऊन सकाळपासून दारात येरझाऱ्या घालतेय. फरहान मानसिंगरावांच्या नव्या ब्रोशरचा गठ्ठा घेऊन वेल्ह्यावरून पानशेतला गेलाय. पाबे घाटात धुकं, मोबाईल लागत नाही. आज 'जपून जा' म्हणायचंही राहून गेलं...

तुम्ही त्या वाटेनं जाणार असाल, तर बघाल का जरा? निळा रेनकोट, जुनी एम-एटी दुचाकी, मागं प्लास्टिकात गुंडाळलेला गठ्ठा. भेटला तर एवढंच सांगा — तिसऱ्या पानानं आज पहिलं पाऊल टाकलंय. ती पडायच्या आत घरी या म्हणावं.