शरभाच्या डोक्यावरची टोपी

तुम्हीच फोडलात तो शरभ. टोपीकरांनी नव्हे, तुम्ही! राजगादीवर लोळत आज पूर्वजांच्या पराक्रमाच्या गप्पा हाकता, म्हणून हे तोंडावर सांगणं भाग आहे.

पूर्वेला तांबडं फुटलं होतं, खोऱ्यातलं धुकं अजून हललं नव्हतं, आणि सोनकड्याच्या महादरवाजावरचा तो दगडी शरभ, सिंहासारखा देह, चारी पंजांखाली चार शत्रुराज्यांचे चार हत्ती दाबून उभा, पहिल्या उन्हात उजळत होता, तेव्हा किल्लेदार हैबतराव काटकर खाली ताठ उभे होते. मुलूख टोपीकरांच्या हाताखाली गेलेला. पिढीजात किल्लेदारी राहणार की जाणार, ते आज रेसिडेंट साहेब ठरवणार होता.

साहेबाने वर पाहिलं आणि खूष झाला. "वा! आमचा सिंह!"

राजगादीचे दिवाण विसाजीपंत कमरेत वाकले. "होय हुजूर! आपल्याच प्रतापाचं चिन्ह."

साहेबाबरोबर एक चित्रकार होता. राज्यांना जनावरं करून छापील पत्रांत त्यांची टर उडवायची, हा विलायतेतला धंदा. त्याने तिथेच कागद पसरला, कोळशाने शरभ काढला, त्याच्या डोक्यावर साहेबी टोपी चढवली आणि चिरडलेल्या हत्तींना मराठी पगड्या घातल्या.

साहेब हसला. "पसंत, किल्लेदार? मग तुमची किल्लेदारी कायम."

"हो म्हणा, हैबतराव," पंत कुजबुजले. "चित्रच तर आहे. कागदाला काय दुखतं?"

"पंत, पाठीला कणा असता तर तुम्हाला दुखलं असतं."

हैबतरावांनी अंगठ्याने शरभाची टोपी पुसली. मग शेपटीकडच्या हत्तीची पगडी पुसली आणि कोळसा उचलून तिथे टोपी काढली. हात तलवारीचा, रेघ वेडीवाकडी. पण टोपी कुणाची, ते सगळ्यांना कळलं.

"साहेब, हा सिंह नव्हे, शरभ. सिंहाला लोळवणारा. आपली जागा ही, खाली."

साहेबाचं तोंड लालभडक झालं. त्याने कागद टराटरा फाडला, हैबतरावांची तलवार उतरवून घेतली आणि त्यांना बेड्या ठोकून नेलं. कैदेतून ते परतले नाहीत.

दगडाविषयी मात्र साहेब अवाक्षर बोलला नव्हता. त्याचा घोडा गड उतरतो न उतरतो तोच तुमच्या गादीचा हुकूम आला, शरभ फोडा. आपलीच शिडी, आपलेच पाथरवट! सोनकड्यावर आज चार हत्ती तेवढे उरलेत, वर नुसते छिन्नीचे घाव.

आणि तुम्ही? तोच शरभ निशाणावर रंगवून मिरवता!

साहेबाने मागितलंच नव्हतं, मग छिन्नी का चालवलीत? उत्तर द्या.